'स' खाणारं मशीन

नाना घाडगे गेल्यावर दिवसपाणी उरकलं आणि काकूंनी त्यांचा प्रीअँप, म्हणजे स्पीकरचा आवाज सांभाळणारं मशीन, माझ्याकडे पाठवून दिला. वरून धुतलेला टॉवेल गुंडाळलेला, वायरी वेगळ्या पिशवीत, आणि निरोप एवढाच, की तुम्हीच त्यांच्याबरोबर दुकानं हिंडला होता, तेव्हा तुमच्याकडेच राहू द्या. मी तो दिवाणखान्यात ठेवलाय. चांगला वाजतो. पण काहीही लावलं की मला आधी लाज वाटते आणि मग गाणं ऐकू येतं. ही लाज नेमकी कुणाची, नानांची, काकूंची की आम्हा सगळ्यांची, हे अजून मला नीट ठरवता आलेलं नाही.

नाना साताऱ्यात आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. बेताची उंची, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि शर्टाच्या खिशात टेस्टर. निवृत्तीनंतर लोकांच्या खिशात गोळ्यांची पाकिटं येतात, नानांच्या खिशात टेस्टरच राहिला. लग्नाला जातानासुद्धा असायचा. काकू म्हणायच्या, माझ्या गळ्यातलं एकवेळ निघंल, ह्यांच्या खिशातलं न्हाई निघायचं.

फोन आला की नाना उभे राहून घेत. आणि घेतल्यावर लगेच बोलत नसत. आधी क्षणभर लाईन ऐकत. पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करून दमायचा, तेव्हा नाना म्हणायचे, "हां, स्वच्छ आहे. बोला." जुन्या काळी तारेवरची खरखर ऐकून ते सांगत, की बिघाड अमुक रस्त्याला आहे आणि खांबावरच्या डबीत पाणी गेलंय. माणसं जाऊन बघायची तर डबीत पाणी. या गोष्टी मी नानांच्या तोंडून कधी ऐकल्या नाहीत. त्यांच्या हाताखालचे लाईनमन दिवाळीला फराळाला यायचे, ते सांगायचे. नाना समोर बसून चकलीचा एकेक वेढा मोडत राहायचे. पण कान तिकडंच असायचे, हे आम्हाला दिसायचं. आपल्या कानांचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

त्यांचं एक वाक्य अख्ख्या कॉलनीला पाठ होतं. 'फॉल्ट लाईनमध्ये असतो, माणसात नसतो.' कुणाचं कुणाशी वाजलं, सुनेनं सासूला उलट उत्तर दिलं, पोरगं नापास झालं, की नाना हेच म्हणणार. मधे कुठंतरी काहीतरी तुटलंय, ते शोधा, माणसाला दोष देऊ नका. ऐकायला बरं वाटायचं. त्याचा दुसरा भाग मात्र फारसा कुणाला माहीत नव्हता, आणि खरे नाना त्या दुसऱ्या भागात होते.

तो काकूंनी सांगितला. नाना नोकरीला नवीन, सांगलीला होते, तेव्हाची गोष्ट. तासगावातल्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याचा फोन सारखा बंद पडायचा. खात्यातल्या साहेबानं लिहून टाकलं, की हा माणूस फोन उघडून आत काहीतरी करतो. गावात व्यापाऱ्याची छी थू झाली. नानांनी लाईन सोडली नाही. शेवटी सापडला तो बिघाड एक्स्चेंजमध्येच, सांगलीत, नाना रोज जिथं बसत तिथून चार हातांवर. साहेब म्हणाला, झालं ना दुरुस्त, मिटवा आता. नानांनी सुटीच्या दिवशी एसटी धरली, तासगावला गेले, आणि त्या दुकानात गिऱ्हाइकं आणि हमाल भरलेले असताना मधोमध उभं राहून म्हणाले, "फॉल्ट आमच्याकडचा होता. शेठजींचा काही दोष नाही." आणि पुढच्या गाडीनं परत आले.

"तो शेठ म्हंजे माझा चुलता," काकू सांगायच्या. "त्यानं त्याच आठवड्यात माझ्या वडलांकडं जाऊन सांगितलं, पोरगी ह्याच माणसाला द्यायची."

म्हणजे काकूंचा संसारच एका कबुलीवर उभा राहिलेला. त्या हे हसत सांगायच्या आणि नाना तेव्हा उठून बागेत पाणी घालायला जायचे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गणपतीत आमच्याकडे डॉल्बी लावतात, म्हणजे माणसापेक्षा उंच स्पीकरची भिंत. खिडक्यांच्या काचा थरथरतात. नाना पूर्वी त्या भिंतीसमोर जाऊन नुसते उभे राहायचे, हाताची घडी घालून. मंडळाच्या पोरांना शेवटी आवाज उतरवावा लागायचा. मग गेली काही वर्षं नाना बाहेर येईनासे झाले. डॉल्बी दारावरून गेली तरी ते व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले. आम्ही म्हटलं, वयानं निवळले. पोरांनाही बरं वाटलं. एवढ्या माणसांत एकाच्याही मनात आलं नाही, की नाना निवळले नसतील, त्यांना तो आवाज पूर्वीइतका लागतच नसेल.

होम थिएटरचं खूळ निघालं ते काकूंच्या सिनेमापायी. सांगलीला असताना दोघं नवा सिनेमा चुकवत नसत. आता थेटरातली थंडी काकूंच्या गुडघ्यांना सोसेना. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि मागची खोली रिकामी झाली. त्यातच कॉलनीतल्या एका अधिकाऱ्याची बदली झाली, त्यानं आपले मोठे स्पीकर आणि पॉवर अँप्लिफायर नानांना देऊन टाकला. पडदा आला. राहिला फक्त प्रीअँप. सकाळी नानांची नाट्यगीतं आणि भजनं, संध्याकाळी काकूंचा सिनेमा, दोन्ही एकाच मशीननं सांभाळलं पाहिजे असा नानांचा हट्ट. संगीतासाठी वेगळा आणि सिनेमासाठी वेगळा घ्या, असं एका दुकानदारानं सुचवलं, तर नाना म्हणाले, एका घरात दोन चुली नकोत.

प्रीअँप म्हणजे काय ते मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "पाटकरी बघितलाय ना कालव्यावरचा? पाणी धरणातनं येतं. जोर असतो तो वेगळा. पण कुणाच्या रानात किती सोडायचं, ते पाटकरी ठरवतो. पाटकरी बिघडला, की शेवटच्या वाफ्याला थेंब मिळत नाही." मग त्यांनी बजावलं, की गाण्यात शब्द आणि सिनेमात बोलणं स्पष्ट पाहिजे, बाकी गडगडाट पावसाळ्यात फुकट मिळतो.

गाडी माझी, म्हणून दुकानांच्या फेऱ्यांना मी. माझी आवड म्हणाल तर बातम्या ऐकण्यापलीकडे मला त्यात काही कळत नव्हतं. पण नानांबरोबर जायला मजा यायची. त्यांची पारखण्याची रीत जगावेगळी होती. दुकानदार बिचारा ठेवणीतलं गाणं लावायला जाई, एखादी मोटारींच्या पाठलागाची चित्रफीत काढी. नाना हात वर करत. "गाणं कुठल्याही डब्यावर बरं वाटतं. माणसाचं बोलणं वाजवून बघा." आणि खिशातून मोबाइल काढत.

मोबाइलमध्ये काकूंचा आवाज होता. पुण्याच्या लेकीला सांडग्याची आमटी करायची होती, म्हणून नानांनी चांगला माइक आणून काकूंना स्वयंपाकघरात बसवून ती सांगायला लावली होती. "सांडगे आधी तेलात सोनेरी परतायचे. सोडायचे न्हाईत, सारखं हलवायचं. लसूण सोलून ठेचायचा, सुकं खोबरं भाजायचं..." त्यात 'स' आणि 'च' ठासून भरलेत, तीच खरी परीक्षा, असं नाना म्हणायचे. मग त्या झगमगीत दुकानात, हजारो रुपयांच्या यंत्रांतून, काकू सांडगे परतायला लागायच्या. शेजारी टीव्ही घ्यायला आलेली बाई थांबून ऐकायची. एकीनं तर कोथिंबीर घालायची का म्हणून विचारलं.

पहिल्यांदा साताऱ्यातल्या दुकानात गेलो तेव्हा मी ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं. आमटीला उकळी आली, वरून कोथिंबीर पडली, कृती संपली. नाना कृती संपता संपताच मान हलवून आपला निकाल द्यायला लागायचे, ही त्यांची सवय. पण ध्वनिमुद्रण तिथं संपत नव्हतं. कृतीनंतर जरा थांबून, माइकपासून तोंड फिरवून, बहुधा दारात आलेल्या कुणा शेजारणीला, काकू हळूच म्हणाल्या होत्या, "झालं बाई. लेकीला कळलं म्हंजे बास. ह्यांस्नी काय ऐकू येतंय, निस्तं यंत्र धरून बसल्यात."

काउंटरवरच्या मुलीनं ओढणी तोंडाला लावली. दुकानदारानं खाली बघितलं. आणि नाना त्याच वेळी ठामपणे सांगत होते, "हे मशीन स खातंय. सांडगे म्हणायच्या जागी आंडगे येतंय. तुमच्या कानाला लागत नसेल, मला लागतं."

मी पटकन वायरी बघायला लागलो. परत येताना गाडीत नाना प्रसन्न होते. पुढच्या दुकानात काय काय विचारायचं, ते मला समजावून देत होते. मी 'हो हो' करत होतो, आणि पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं, की मी हळू 'हो' म्हटलं की नाना माझ्या तोंडाकडे बघतात.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, सांगून टाका त्यांना. मी म्हटलं, तू काकूंना सांग. ती म्हणाली, बाईमाणसाला कसं सांगू, की तुमचं बोलणं गावभर वाजतंय. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, अशी गत. आम्ही पुण्याच्या लेकीला विचारायचं ठरवलं. ती फोनवर आधी हसली, मग म्हणाली, मी ऐकलं तेव्हा मला वाटलं आई नेहमीसारखी चेष्टा करतेय, आणि बाबा ते सगळ्यांना ऐकवतील असं कुणाच्या मनात येणार. तिलाही बापाला सांगायचं धैर्य नव्हतं.

नाना मात्र लाईन सोडायला तयार नव्हते. फॉल्ट सापडेपर्यंत लाईन सोडायची नाही, हे त्यांचं रक्तातलं. कऱ्हाडची दोन दुकानं झाली. दोन्ही दुकानांत सांडगे परतले गेले, दोन्ही दुकानांत काकूंचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळ्यांनी वडीलधाऱ्या माणसाचा मान राखला. कुणी म्हणालं, खरंय नाना, जरा स दबतोय. कुणी उगाच एक बटण फिरवल्यासारखं केलं. आमच्याकडं मोठ्या माणसाला तोंडावर सांगत नाहीत. पाठीमागं हसतात.

मग सांगली. तिथं महावीर चौगुले म्हणून एक चाळिशीचा माणूस. दुकान लहान, पण मागच्या खोलीत भिंतींना जाड कापड लावून त्यानं ऐकायची जागा केली होती. धंद्यात नवा, मालाची माहिती पक्की, बोलायला गोड. आम्ही गेलो तेव्हा तासगावचे एक द्राक्षबागायतदार, संपतराव, नव्या बंगल्यासाठी सगळा संच घ्यायला बसले होते. बंगला बांधला की होम थिएटर पाहिजेच, अशी आता तिकडं रीत पडलीय. नाना टेलिफोनमधले, तासगावचे जावई, त्यांच्या कानाची कीर्ती संपतरावांनीही ऐकलेली. ते म्हणाले, बरं झालं नाना, तुमी आलासा, आता तुमीच सांगा.

मला तिथंच त्यांचा हात धरून बाहेर न्यायला हवं होतं. मी खुर्चीत बसून राहिलो.

काकूंचा आवाज त्या खोलीत इतका खरा आला, की त्या शेजारीच बसल्यात असं वाटलं. लसूण ठेचल्याचा आवाजसुद्धा कळत होता. मला काही कळत नसूनही कळलं, की हेच मशीन. नाना डोळे मिटून, मान जरा डावीकडे कलती करून ऐकत होते. कृती संपत आली तसे त्यांनी डोळे उघडले.

"स नाहीच," ते म्हणाले. "संपतराव, हे घेऊ नका. फसाल."

आणि त्यांच्या बोलण्याखाली, स्वच्छ, काकू म्हणाल्या, ह्यांस्नी काय ऐकू येतंय. संपतराव जागच्या जागी चुळबुळले. पण मोठ्या माणसाचा शब्द, आणि जावयाचा मान. त्यांनी नंतर बघू म्हणून नमस्कार केला आणि गेले.

मी गाडी काढायच्या निमित्तानं बाहेर आलो तर महावीर मागून आला. त्याला काहीतरी सांगायचं म्हणून मी म्हटलं, मनावर घेऊ नका. तो रागावला नव्हता, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

"आवं, वडलांसारखी मानसं," तो म्हणाला. "तोंडावर कसं म्हनायचं, तुमालाच ऐकू येत न्हाई म्हनून? त्यांची बायको एवढं सांगतीया, तरी त्यांस्नी कळंना. मी काय सांगू?"

पुढं जे व्हायचं ते झालं. तासगाव, सांगली, इस्लामपूर, सगळीकडच्या बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत फिरलं, की चौगुल्याची मशीनं स खातात, घाडगे नानांनी सांगितलंय. ज्यांनी उभ्या जन्मात प्रीअँप बघितला नाही, तेही म्हणायला लागले, की तिथं घेऊ नका. महावीरच्या मागच्या खोलीत कुणी जाईना. मला हे एका ओळखीच्यानं सांगितलं, आणि वर विचारलं, खरंच खातात का हो? मी म्हटलं, मला त्यातलं कळत नाही. हे उत्तर देताना मला माझीच किळस आली.

काही आठवड्यांनी महावीरचाच फोन आला. म्हणाला, माझ्या खोलीत काही दोष असेल, नानांनी एकदा घरी लावून बघावा, मी मशीन पाठवतो, विकत घ्यायची बळजबरी नाही. त्याच्या आवाजात विनवणी होती. मशीन आलं. नाना खूश. त्यांनी दिवसभर वायरी जोडल्या, मागच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, आणि संध्याकाळी मला हाक मारली. काकू कोपऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या. आजवर आम्ही हिंडायचो ते बाहेर. काकूंनी ते ध्वनिमुद्रण केल्यापासून कधी ऐकलंच नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं तोवर नानांनी बटण दाबलं होतं.

पहिल्यांदा काकू लाजल्या. आपलाच आवाज एवढा मोठा ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हसल्या. मग आमटीला उकळी आली. मी नानांकडे बघत होतो, ते बोलायला तोंड उघडत होते. आणि खोलीभर काकूंचं ते वाक्य आलं.

काकूंच्या हातातली मेथी तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे समद्या दुकानांत लावलं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांचा चेहरा असा झाला, की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

नानांना ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. त्यांनी एकदा काकूंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग ध्वनिमुद्रण मागं नेलं आणि शेवटचा तुकडा पुन्हा लावला. या वेळी ते मधे बोलले नाहीत. पुन्हा लावला. आवाज वाढवला. स्पीकरजवळ गेले आणि त्याच्यावर बोटं टेकवली. तिथं काहीतरी हलतंय, ते बोटांना लागत असणार. त्यांनी मला विचारलं, काय म्हणतेय ती? मी काकूंकडे बघितलं.

काकू मेथी बाजूला ठेवून उठल्या. नानांच्या समोर जाऊन, त्यांना तोंड दिसेल अशा उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मी म्हनलं, ह्यांस्नी काय ऐकू येतंय. चुकलं माझं. कवातरी तुमाला सांगाय पायजे हुतं, ते शेजारनीला सांगितलं."

नाना खुर्चीत बसले. काकूंना ते एका शब्दानं बोलले नाहीत. मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. सातारा, कऱ्हाड, सांगली. कोण कोण होतं, ते आठवत होते. "त्या पोरीनं ओढणी लावली होती तोंडाला," ते स्वतःशीच म्हणाले. "मला वाटलं, सर्दी असेल." आणि मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे चौगुल्याचं मशीन चांगलं आहे?"

मी हो म्हटलं. हळू म्हटलं, पण ते तोंडाकडे बघतच होते.

त्यानंतर बरेच दिवस नाना दिसले नाहीत. व्हरांड्यातली खुर्ची रिकामी. बागेला पाणी काकू घालायच्या. समोरासमोर आलो तर नाना मान फिरवायचे, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच सोयीचं वाटायचं. एके दिवशी लेक पुण्याहून आली आणि त्यांना मिरजेला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. प्रत्येक मशीन वाजवून, उलटंपालटं करून बघणाऱ्या या माणसानं श्रवणयंत्र मात्र पहिलं दाखवलं ते घेतलं. काही विचारलं नाही. लेक सांगत होती, बाबा तिथं शाळेतल्या मुलासारखे बसले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाना माझ्याकडे आले. दोन्ही कानांमागं ती तपकिरी यंत्रं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, तर ते म्हणाले, बघ बघ, लपवायला घेतलेलं नाही. मग म्हणाले, उद्या आम्हाला सांगलीला सोड. काकूंनाही न्यायचं होतं. काकूंची तयारी नव्हती. त्या दारात उभ्या राहून मला खुणेनं सांगत होत्या, नका नेऊ. नानांनी ते बघितलं आणि म्हणाले, "तू बोललीस ते खरंच बोललीस. मी मात्र त्या माणसाच्या दुकानाबद्दल खोटं बोललोय. ते तसंच राहिलं, तर तासगावात मी कुठल्या तोंडानं जावई म्हणून जाऊ?" काकू मुकाट्यानं आत जाऊन लुगडं बदलून आल्या.

दसऱ्याला महावीरच्या दुकानात यंत्रांना झेंडूची फुलं वाहिलेली होती. सणाच्या निमित्तानं का होईना, माणसं बरीच होती, पेढे फिरत होते. नानांना बघून महावीर पुढं आला आणि जरा बिचकला. नानांनी त्याचं मशीन टेबलावर ठेवलं, जोडायला सांगितलं आणि खिशातून मोबाइल काढला.

"नाना, ऱ्हाऊ द्या की," महावीर म्हणाला.

"लाव," नाना म्हणाले.

दुकानात काकूंचा आवाज सुरू झाला. खऱ्या काकू माझ्याशेजारी काउंटरला धरून उभ्या होत्या, नजर फरशीवर. सांडगे परतले गेले, लसूण ठेचला गेला. लोक आधी गंमत म्हणून ऐकत होते. नाना मधोमध उभे होते, हात बाजूला सोडून, आणि या वेळी त्यांचे डोळे उघडे होते. कृती संपली. ते बोलले नाहीत. मग ते वाक्य आलं, स्वच्छ, 'स'सकट. एकजण हसला आणि लगेच थांबला. नानांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी हात खिशातल्या टेस्टरवर ठेवला.

"हे मला आजवर ऐकू येत नव्हतं," ते म्हणाले. "जिथं जिथं वाजवलं, तिथं सगळ्यांना येत होतं. फॉल्ट आमच्याकडचा होता. चौगुल्यांच्या मशीनचा काही दोष नाही."

महावीरनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि तसाच उठून आतल्या खोलीत गेला. बऱ्याच वेळानं डोळे पुसून पेढे घेऊन आला. ते मशीन नानांनी तिथंच विकत घेतलं. तेच आता माझ्याकडे आहे.

बाहेर आल्यावर मला वाटलं, सुटलो. मी गाडीचं दार उघडलं. नाना म्हणाले, तू मशीन घेऊन साताऱ्याला जा, आम्ही तासगावला चाललोय, संपतरावांकडं. मी म्हटलं, मी सोडतो ना. तर म्हणाले, नको, हे सांगायला एसटीनंच जायचं असतं. मी त्यांना स्टँडवर नेलं. तासगावची गाडी लागलेलीच होती. काकू खिडकीशी बसल्या, नाना त्यांच्या बाजूला. मी खाली उभा होतो.

पुढंही नाना बरीच वर्षं होते. दसऱ्यानंतर त्यांची खुर्ची व्हरांड्यात परत आली आणि डॉल्बीसमोर ते पुन्हा उभे राहायला लागले. रोज सकाळी आमच्या भिंतीपलीकडून त्यांची भजनं यायची, संध्याकाळी काकूंचा सिनेमा. पण नाना म्हटलं, की मला ते त्या एसटीतलेच दिसतात. कानामागच्या यंत्राला जरा हात लावून त्यांनी काकूंना विचारलं, आणि उघड्या खिडकीतून ते मलाही ऐकू आलं, "एवढ्या वर्षांत हळू आवाजात आणखी काय काय बोललीस?"

"लय काय काय," काकू म्हणाल्या. "ऐकनार हाय का?"

नानांनी मान हलवली. गाडी सुरू झाली. स्टँडच्या फाटकातून वळेपर्यंत मला दिसत होतं, काकू खाली बघून हळूहळू काहीतरी सांगत होत्या आणि नाना मान खाली घालून ऐकत होते.